ऑईलचा नमुना : शितावरून भाताची परीक्षा

गाडीचे ऑईल कधी बदलायचे, या प्रश्नाला आपल्याकडे तीन जण तीन उत्तरे देतात. कंपनीची पुस्तिका म्हणते, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते. गॅरेजवाला म्हणतो, पाच हजाराला बदला, इंजिन दुवा देईल. तिसरा कोणी अनुभवी माणूस गेजची काडी ओढतो, थेंबभर ऑईल दोन बोटांत चोळतो आणि ‘काळे पडलेय’ एवढ्यावर निकाल देऊन मोकळा होतो. या तिसऱ्या निकालाला तर फारसा आधारच नाही. डिझेल गाडीत नवे ऑईल काही शे किलोमीटरांतच काळे होते, कारण काजळी गोळा होऊ न देता सुटी धरून ठेवणे हे त्या ऑईलचे कामच असते.

चौथा मार्ग प्रयोगशाळेचा. शंभरेक मिलिलिटर वापरलेले ऑईल बाटलीत भरून पाठवायचे आणि त्यात कोणता धातू किती, इंधन किती मिसळले, कूलंट शिरले का, ऑईलचा दाटपणा टिकला का, हे आकड्यांत मागवायचे. रेल्वे, जहाजे आणि खाणींतले डंपर यांच्यासाठी ही पद्धत जुनी आहे. आता स्वतःच्या मोटारीवर जीव असलेले लोकही तिची चौकशी करू लागले आहेत. मात्र सगळी चर्चा अहवालातल्या आकड्यांपासून सुरू होते, आणि ते आकडे कितपत भरवशाचे हे त्याआधीच, बाटली भरताना ठरून गेलेले असते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत तळाला करपलेले किंवा वर कोरडे पडलेले असून चालत नाही.

रेल्वेच्या शेडपासून घरच्या मोटारीपर्यंत

या तपासणीचा उगम साधारणपणे १९४६ सालचा सांगतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने आपल्या डिझेल लोकोंच्या ऑईलचे नमुने स्पेक्ट्रोग्राफवर तपासायला सुरुवात केली. तत्त्व सोपे आहे. प्रत्येक धातू प्रचंड तापवला की आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. त्या प्रकाशावरून धातू कोणता आणि त्याच्या तीव्रतेवरून तो किती, हे कळते. ऑईलमध्ये तांबे आणि शिसे वाढू लागले की बेअरिंग झिजते आहे, हे इंजिन न उघडता समजू लागले. १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने ही पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली आणि १९७६ साली तिन्ही सेनादलांचा संयुक्त कार्यक्रम आखला गेला. कॅटरपिलर कंपनीने १९७१ पासून आपल्या ग्राहकांना ही सेवा देऊ केली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही लोकोच्या ऑईलची प्रयोगशाळेत तपासणी हा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे.

या सगळ्या ठिकाणी काही गोष्टी समान आहेत. यंत्र महागडे असते, एकाच जातीची अनेक यंत्रे असतात, नमुना दर वेळी त्याच जागेवरून प्रशिक्षित माणूस घेतो आणि यंत्र बंद पडले तर नुकसान फार मोठे होते. घरच्या मोटारीपाशी यातले जवळजवळ काहीच नसते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे १९८५ साली सुरू झालेल्या ब्लॅकस्टोनसारख्या प्रयोगशाळांनी सामान्य मोटारमालकाला टपालाने बाटली पाठवून ही सोय दिली, तरी नमुना घेण्याची शिस्त काही टपालाने पाठवता येत नाही. ती मालकालाच शिकावी लागते.

प्रयोगशाळा काय पाहते

अहवालात तीन प्रकारचे आकडे असतात. पहिले झिजेच्या धातूंचे. लोखंड येते लायनर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेनमधून; ॲल्युमिनियम पिस्टनमधून; क्रोमियम रिंगांमधून; तांबे, शिसे आणि कथील बेअरिंग व बुशमधून. हे सगळे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात. साडेतीन लिटर ऑईलचे वजन अंदाजे ३ किलो धरले, तर लोखंड ४० पीपीएम म्हणजे सबंध चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, सुमारे १२० मिलिग्रॅम. आकडा किती सूक्ष्म गोष्टीबद्दल बोलतो, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे आकडे बाहेरून शिरलेल्या गोष्टींचे. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ, सोडियम आणि पोटॅशियम म्हणजे बहुधा कूलंट, त्याखेरीज पाणी, इंधन आणि काजळी. तिसरे आकडे खुद्द ऑईलच्या तब्येतीचे. १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती, फ्लॅश पॉइंट म्हणजे वाफ पेट घेण्याचे तापमान किती, आम्ल मारण्याची ताकद म्हणजे टीबीएन किती उरला, ऑक्सिडेशन किती झाले. ५डब्ल्यू-३० ऑईलचा दाटपणा १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो. तो साडेआठवर आला असेल तर डब्यावर काहीही छापलेले असो, इंजिनात सध्या २० ग्रेडचे ऑईल फिरते आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस, मॉलिब्डेनम हे मुळात ऑईलमध्ये घातलेल्या ॲडिटिव्हचे घटक. डब्यातले ऑईल तेच आहे का, हे त्यांवरून पडताळता येते.

नमुना घेण्याच्या तीन रीती

मोटारीतून नमुना घेण्याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींचे गुणदोष वेगळे आहेत.

पहिला मार्ग ऑईल बदलतानाच चेंबरचा नट उघडून वाहत्या धारेतून घेण्याचा. खर्च शून्य, म्हणून बहुतेकांना हाच सोयीचा. इथे नियम एकच : धार सुरू झाल्यावर लगेच बाटली लावायची नाही आणि शेवटचे गळतेही घ्यायचे नाही. सुरुवातीच्या धारेत तळाशी बसलेला गाळ आणि नटाच्या आट्यांतली घाण येते. साधारण एक तृतीयांश ऑईल वाहून गेल्यावर मधल्या धारेत बाटली धरावी. नट उघडण्याआधी त्याभोवतीची चिखल-माती ब्रश आणि कोरड्या फडक्याने नीट साफ करावी. एवढे केले नाही, तर रस्त्यावरची धूळ अहवालात ‘एअर फिल्टर गळतोय’ असे सांगत येते. खाली ठेवलेल्या घमेल्यातून किंवा ट्रेमधून ऑईल कधीही उचलू नये. त्या ट्रेमध्ये आधीच्या दहा गाड्यांचे अवशेष असतात. गॅरेजमध्ये काम करून घेताना ‘नंतर बाटलीत भरून देतो’ असे उत्तर मिळाले, तर तो नमुना ट्रेमधलाच असणार हे समजून घ्यावे.

दुसरा मार्ग हातपंपाचा. गेजच्या नळीतून प्लास्टिकची बारीक नळी सोडायची आणि पंपाने ऑईल थेट बाटलीत ओढायचे. ऑईल न बदलता, अधेमधे नमुना घ्यायचा असेल तर हाच उपाय. नळीची लांबी गेजच्या काडीवर मोजून अशी ठरवावी की तिचे टोक ऑईलच्या मध्यावर राहील, तळाला टेकणार नाही. तळाला टेकली की पुन्हा गाळच आला. प्रत्येक नमुन्याला नवी नळी घ्यावी, कारण जुनी कितीही पुसली तरी आतून स्वच्छ होत नाही. काही नव्या गाड्यांना गेजची काडीच नसते. तिथे हा मार्ग बंद.

तिसरा मार्ग कायमच्या व्हॉल्व्हचा. मोठ्या यंत्रांत फिल्टरच्या आधी, दाबाखालच्या वाटेवर नमुन्यासाठी खास व्हॉल्व्ह बसवलेला असतो. इंजिन चालू असताना घेतलेला असा नमुना सर्वांत विश्वासार्ह मानतात, कारण ऑईल त्या वेळी ढवळलेले असते आणि फिल्टरने त्यातले कण अजून गाळलेले नसतात. मोटारीत लोक चेंबरच्या नटाच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह बसवतात. त्याने सोय होते, पण नमुना तळाचाच येतो, म्हणून पहिले थोडे ऑईल सोडून देणे इथेही भाग आहे.

मार्ग कोणताही असो, ऑईल गरम हवे. थंड इंजिनात कण आणि पाणी तळाशी बसतात. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापले. ऑईल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. वीस-तीस मिनिटे गाडी चालवून आणावी आणि बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत नमुना घ्यावा. मात्र अंगावर उडालेले गरम ऑईल भाजते आणि वापरलेले ऑईल कातडीला वारंवार लागणे आरोग्याला वाईट, म्हणून हातमोजे घालावेत. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरण्याचे धाडस तर कधीच करू नये.

बाटली प्रयोगशाळेने दिलेली असेल तर उत्तम. नसेल तर नवी, कोरडी, घट्ट झाकणाची घ्यावी. पाण्याची जुनी बाटली किंवा औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. धुतल्यावर राहिलेला ओलावा अहवालात पाणी म्हणून उतरतो. बाटली गळ्यापर्यंत भरू नये, म्हणजे प्रयोगशाळेत ती नीट हलवता येते. भरली की झाकण लगेच लावावे. गरम ऑईल उघडे राहिले तर त्यातले पेट्रोल उडून जाते.

आदल्या आठवड्यातली गाडी

पेट्रोल असे उडून जाते, म्हणूनच नमुन्याच्या आधी गाडी कशी चालली याला महत्त्व आहे. पुण्या-मुंबईत रोज तीन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या पेट्रोल गाडीच्या ऑईलमध्ये इंधन साठत जाते. तीच गाडी नमुन्याच्या आदल्या दिवशी कोल्हापूरला जाऊन आली, तर साठलेले बरेचसे पेट्रोल वाटेतच उडते आणि अहवाल निर्मळ येतो. दोन्ही आकडे खरे, पण त्यांची तुलना करता येत नाही. म्हणून दर वेळी सारख्याच वापरानंतर नमुना घ्यावा आणि कागदावर तसे लिहावे.

डिझेलचे तसे नाही. डिझेल जड असल्याने ऑईलमध्ये शिरले की सहज बाहेर पडत नाही. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर सर्रास आला. तो साफ करण्यासाठी अनेक इंजिने जादा डिझेल सोडतात आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते आणि गेजवर ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. थेट इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांतही असाच त्रास दिसला आहे. २०१८ साली चीनमध्ये होंडाच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाबाबत, विशेषतः थंड प्रदेशांत, हा प्रश्न बराच गाजला. ऑईल तपासणीचा मोटारमालकाला सर्वांत थेट उपयोग कुठे होत असेल, तर तो या इंधनाच्या मिसळीबाबत.

बाटलीबरोबरचा कागद

नमुन्याइतकेच महत्त्व त्याच्या नोंदीला आहे. गाडीचे मॉडेल, एकूण किलोमीटर, या ऑईलवर झालेले किलोमीटर, ऑईलचे नाव व ग्रेड, मध्ये किती टॉप-अप केले आणि नमुन्याची तारीख, एवढे तरी लिहावे. टॉप-अपची नोंद नसेल तर आकडे फसवतात. समजा चेंबर साडेतीन लिटरचा, एक लिटर ऑईल जळून गेले आणि नमुन्याच्या आदल्या दिवशी तेवढेच नवे ओतले. ४५ पीपीएम लोखंड असलेले ऑईल आता ३२ दाखवेल. इंजिन ऑईल खाते ही वाईट बातमी, आणि नेमका तिच्यामुळेच अहवाल सुधारलेला दिसतो. इंजिन फ्लश किंवा बाजारातले ॲडिटिव्ह घातले असेल तर तेही लिहावे. त्यातले घटक आकड्यांत मिसळतात.

पहिल्या खेपेला डब्यातल्या कोऱ्या ऑईलचाही नमुना पाठवावा. काही ऑईलमध्ये सोडियम मुळातच ॲडिटिव्ह म्हणून असते. ते माहीत नसेल तर ठणठणीत इंजिनावर हेड गॅस्केट फुटल्याचा आळ येतो. टीबीएन किती उतरला, हेही तो सुरुवातीला किती होता हे कळल्याखेरीज सांगता येत नाही.

आकडे वाचताना

सुट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. लोखंड ३० पीपीएम हे ४,००० किलोमीटरला असेल तर वेगळे आणि १२,००० ला असेल तर वेगळे. म्हणून दर हजार किलोमीटरला किती, असा हिशेब करावा. त्याहून महत्त्वाचे, एकाच गाडीचे सलग तीन-चार अहवाल शेजारी ठेवावेत. पहिला अहवाल फक्त सुरुवातीची रेघ आखून देतो.

धातू एकटे न पाहता जोडीने पाहावेत. सिलिकॉन वाढले आणि सोबत ॲल्युमिनियम व लोखंडही वाढले, तर धूळ शिरते आहे. कच्च्या रस्त्यावर, खडी क्रशरच्या किंवा वीटभट्टीच्या परिसरात फिरणाऱ्या गाडीत, सैल बसलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा धुऊन वापरायच्या हौशी फिल्टरमुळे असे होते. नुसतेच सिलिकॉन वाढलेले असेल आणि गाडी नवी असेल किंवा इंजिन नुकतेच उघडले असेल, तर ते बहुधा गॅस्केटच्या सीलंटमधून आलेले असते आणि पुढच्या दोन-तीन ऑईल बदलांत ओसरते. तांब्याचेही तसेच. एकटेच वाढलेले तांबे अनेकदा ऑईल कूलरमधून विरघळून येते आणि बेअरिंगला काही झालेले नसते. सोबत शिसे किंवा कथील चढले तर मात्र काळजीचे. कूलंट शोधताना पाण्याच्या आकड्यावर विसंबू नये. गरम इंजिनात पाणी उडून जाते, सोडियम आणि पोटॅशियम मागे राहतात.

तपासणीला न दिसणारे

या पद्धतीची मोठी मर्यादा कणांच्या आकाराची आहे. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. सावकाश होणारी झीज बारीक असते, ती पकडली जाते. बेअरिंगचा पत्रा एकाएकी सोलला जात असेल तर त्याचे तुकडे मोठे असतात आणि ते एकतर फिल्टरमध्ये अडकतात किंवा मोजणीतून निसटतात. अशा वेळी अहवाल ‘सर्व ठीक’ म्हणतो आणि इंजिन आवाज करू लागते. यावरचा उपाय स्वस्त आहे. काढलेला ऑईल फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पाहावा आणि चुंबक फिरवावे. चेंबरला चुंबकाचा नट असेल तर त्यावर जमलेला चिखल दर वेळी पाहावा. चकचकीत कपचे दिसले तर प्रयोगशाळेची वाट पाहू नये.

टायमिंग बेल्ट तुटणे, इंजेक्टर बिघडणे, पाण्याचा पंप गळणे यांची पूर्वसूचना ऑईल देईलच असे नाही. तसेच दोन प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून मध्येच प्रयोगशाळा बदलली की आधीची सगळी रेघ कच्ची होते.

दुचाकीचे वेगळे गणित

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि ओला क्लच हे सगळे एकाच ऑईलमध्ये असतात. गिअरचे दात ऑईलमधल्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, त्यामुळे दाटपणा मोटारीपेक्षा लवकर उतरतो. गिअर आणि क्लचमधून आलेले लोखंड व ॲल्युमिनियमही त्यातच मिसळते. म्हणून मोटारीचे मापदंड दुचाकीला लावू नयेत. शिवाय साधारण लिटरभर ऑईल असलेल्या गाडीतून शंभर मिलिलिटर अधेमधे काढले तर दहावा हिस्सा गेला. दुचाकीचा नमुना ऑईल बदलतानाच घ्यावा. स्कूटरमध्ये गिअर ऑईल वेगळे असते, त्यामुळे तिचा अहवाल वाचायला तुलनेने सोपा.

सोय, खर्च आणि उपयोग

भारतात ही तपासणी मुख्यतः ताफे, जनरेटर आणि माती-खाणकामाची यंत्रे यांच्यासाठी चालते. एकट्या मोटारमालकाने चौकशी करताना प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधावी आणि मान्यता नेमक्या कोणत्या चाचण्यांसाठी आहे हेही पाहावे. वापरलेल्या ऑईलमधील धातूंसाठी एएसटीएम डी ५१८५ किंवा डी ६५९५, दाटपणासाठी डी ४४५ आणि टीबीएनसाठी डी २८९६ किंवा डी ४७३९ या पद्धती जगभर प्रचलित आहेत. इंधनाची मिसळ नुसत्या फ्लॅश पॉइंटवरून अंदाजतात की गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात, हे आधी विचारावे, कारण दुसरी पद्धत कितीतरी अचूक आहे. कुरिअरने पाठवताना बाटली दुहेरी पिशवीत बांधावी.

खर्चाचा प्रश्न मात्र सरळ आहे. लहान पेट्रोल गाडीचे ऑईल बदलण्याचा खर्च आणि पूर्ण तपासणीचा खर्च यांत फार अंतर नसेल, तर अहवाल मागवण्यापेक्षा ऑईलच बदललेले बरे. अहवाल चांगला आला म्हणून वॉरंटीतल्या गाडीचा बदल लांबवता येत नाही. कंपनी पुस्तिकेतले वेळापत्रकच धरते. आणि पुस्तिकेच्या अंतरावर इंजिने टिकतात, याचा एक चांगला दाखला उपलब्ध आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाने १९९६ साली न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,५०० किलोमीटर चालली. त्यानंतर इंजिने उघडून झीज मोजली, तेव्हा ३,००० आणि ६,००० मैलांवर ऑईल बदललेल्या गाड्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र टॅक्सी दिवसभर गरम राहते. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

तेव्हा निकाल असा. पुस्तिकेनुसार ऑईल बदलणाऱ्या आणि कुरकूर न करणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला या तपासणीची गरज नाही. गेजवर पातळी वाढणारी बीएस-६ डिझेल किंवा टर्बो पेट्रोल गाडी, कूलंट कुठे जाते हे न कळणारी गाडी, सतत धुळीत चालणारी गाडी आणि विकत घेण्याआधी शंका आलेली जुनी महागडी गाडी, या चार बाबतींत ती जरूर करावी. शेवटच्या बाबतीत विकणाऱ्याने कालच ऑईल बदलले असेल तर नमुन्याला काही अर्थ उरत नाही, हे आधी विचारून घ्यावे. उरलेल्या तीन बाबतींत एकच अहवाल घेऊन थांबू नये. निदान तीन घ्यावेत, एकाच प्रयोगशाळेतून आणि एकाच रीतीने. चेंबरमधून काढलेले बाकीचे ऑईल गटारात किंवा अंगणात ओतू नये. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६च्या नियमांनुसार ते अशा कचऱ्यात मोडते आणि त्याची जागा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे आहे.